ऱ्होन नदीतील रक्षा

माणूस गेल्यावर त्याची रक्षा नदीत सोडावी, हे आपल्याकडे मृताचे अखेरचे आणि फार ममतेचे कार्य समजले जाते. नाशिकला गोदावरीच्या पात्रात, प्रयागच्या संगमावर किंवा गावाजवळच्या एखाद्या लहानशा नदीत रक्षेचे गाठोडे रिते करताना मुलाचा हात थरथरतो. पण आपण वडिलांचे काही वाईट करीत आहो, असे त्याच्या स्वप्नातही येत नाही. मी आज ज्या प्रसंगाविषयी बोलणार आहे, तो याच्या अगदी उलट आहे. इ.स. 177 साली, आज फ्रान्समध्ये असलेल्या लियों शहरात काही माणसांची प्रेते जाळण्यात आली आणि त्यांची राख ऱ्होन नदीत लोटून देण्यात आली. लोटणाऱ्यांचा हेतू असा होता की, या मृतांना पुढची कसलीच आशा उरू नये. ख्रिस्ती लोकांची स्वर्गाविषयीची कल्पना काय होती आणि ती शतकानुशतके कशी पालटत गेली, हे समजून घ्यावयाचे असेल, तर या राखेपासून आरंभ करणे मला सोयीचे वाटते.

लियोंचे रोमन नाव लुग्दुनुम. ऱ्होन आणि सोन या दोन नद्या जेथे मिळतात तेथे हे नगर वसलेले आहे, आणि त्या काळी गॉल प्रांतातील ते सर्वांत मोठे ठाणे होते. तेथे व्यापारासाठी आशिया मायनरमधून आलेली बरीच ग्रीक भाषिक मंडळी असत. त्यांच्यातच ख्रिस्ती मताचा प्रवेश प्रथम झाला. या लोकांविषयी गावात भलभलत्या वदंता पसरल्या होत्या. ते गुप्तपणे जमतात, नरमांस खातात, आपसांत अनाचार करतात, असे लोक बोलत. छळाच्या भीतीने काही गुलामांनी आपल्या ख्रिस्ती धन्यांविरुद्ध याच अर्थाच्या साक्षी दिल्या, आणि मग जमाव खवळला. त्या वेळी रोमच्या सिंहासनावर मार्कस ऑरेलियस होता. आत्मचिंतनाचे टिपण लिहिणारा, संयमाचा उपदेश करणारा, जगातील मोजक्या तत्त्वज्ञ राजांपैकी एक. लियोंच्या प्रांताधिपतीने त्याला विचारले. त्याचे उत्तर आले की, जे आपले मत सोडतील त्यांना सोडावे, उरलेल्यांना मृत्यू द्यावा. तत्त्वज्ञानाने माणूस मृदू होतोच असे नाही, एवढेच येथे म्हणता येईल.

पुढे जे घडले त्याचे वर्णन वाचलेल्या मंडळींनीच आशियातील आपल्या धर्मबंधूंना एका पत्रातून कळविले. चौथ्या शतकातील इतिहासकार युसेबियस याने ते पत्र आपल्या ग्रंथात उतरून घेतले, म्हणून ते आपल्या हाती आले. पत्र वाचताना जाणवते की लिहिणारा काही साहित्यिक डौल करू पाहत नाही. जे त्याने पाहिले तेच त्याला पुरेसे जड झाले आहे. पोथिनुस नावाचा बिशप नव्वदी ओलांडलेला होता. मारहाणीनंतर तुरुंगात दोन दिवसांनी तो गेला. सांक्तुस नावाच्या सेवकाला नाव, गाव, कूळ काहीही विचारले तरी तो लॅटिन भाषेत एकच उत्तर देई, की मी ख्रिस्ती आहे. आणि ब्लांदिना नावाची एक दासी होती. ती अंगाने इतकी अशक्त की, तिची मालकीण, जी स्वतः ख्रिस्ती होती आणि स्वतः पकडली गेली होती, तिलाच भीती वाटत होती की ही पोर टिकणार नाही. सकाळपासून संध्याकाळपर्यंत पाळीपाळीने छळणारे थकले; ब्लांदिना थकली नाही. शेवटच्या दिवशी पंधरा वर्षांच्या पोंतिकुस नावाच्या मुलाबरोबर तिला रिंगणात आणले. मुलाला धीर देत तिने त्याला आधी पुढे पाठविले आणि मागून ती गेली. तिला जाळ्यात गुंडाळून बैलापुढे टाकले होते.

एवढ्यावर प्रकरण संपले असते तर रोमन साम्राज्यातील अनेक छळांपैकी तो एक ठरला असता. परंतु प्रेतांचे काय करावयाचे हा प्रश्न राहिला. ख्रिस्ती लोकांनी विनवण्या केल्या, लाच देऊन पाहिली, रात्रीच्या अंधारात प्रयत्न केला; पण सहा दिवस पहारा बसवून ती प्रेते उघड्यावर ठेवण्यात आली. त्यानंतर ती जाळली आणि राख ऱ्होनमध्ये झाडून टाकली. पत्रात याचे कारणही नमूद केले आहे. या लोकांना पुनरुत्थानाची आशा आहे, त्या आशेच्या बळावर ते मरणाला भीत नाहीत. तेव्हा आता ते कसे उठतात आणि त्यांचा देव त्यांना कसा सोडवितो ते पाहू, असे मारेकरी बोलत होते.

मारेकऱ्यांना ख्रिस्ती मताचा गाभा काही प्रमाणात बरोबर समजला होता, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. मरणानंतर आत्मा देह टाकून वर कोठे तरी जातो, ही कल्पना त्या काळच्या ग्रीक आणि रोमन लोकांना नवी नव्हती. प्लेटोने आपल्या 'फीडो' या संवादात सॉक्रेटिसच्या तोंडी तीच घातली आहे. देह हा बंदिवास आणि मृत्यू ही सुटका, हे ऐकून कोणी ग्रीक माणूस संतापला नसता. आपल्याकडील श्रोत्यांनाही ते परके वाटणार नाही. ख्रिस्ती लोक मात्र काही निराळेच सांगत होते. जो देह मातीत गेला तोच एके दिवशी उठेल, असे ते म्हणत. ही आशा त्यांनी यहुदी धर्मातून घेतली होती. जुन्या यहुदी कल्पनेप्रमाणे मृत माणूस अधोलोकात छायेसारखा पडून राहतो. त्यात सुख नाही आणि दुःखही फारसे नाही. परंतु ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकात, सीरियाचा राजा अँटायोकस याने यहुद्यांचा छळ मांडला तेव्हा, धर्मासाठी तरुण मुले मेली. मग देवाचा न्याय कोठे राहिला, हा प्रश्न तीव्रतेने पुढे आला. दानीएलाच्या ग्रंथात आणि मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथातील एका आईच्या व तिच्या सात मुलांच्या कथेत त्याचे उत्तर सापडते. ज्या देवाने हा देह दिला तो तो परत देईल, असे त्या मुलांचे म्हणणे आहे. म्हणजे पुनरुत्थानाची आशा मुळात न्यायाच्या मागणीतून जन्मली. सुखाच्या लालसेतून नव्हे. येशूच्या काळी परूशी पंथाचे लोक ती मानीत, सदूकी मानीत नसत. आणि येशू स्वतः मेलेल्यांतून उठला अशी शिष्यांची खात्री झाल्यावर या आशेला एक नवे अधिष्ठान मिळाले. प्रेषित पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पत्रात तिच्यासाठी बीजाची उपमा घेतली. पेरलेला दाणा कुजतो आणि त्यातून येणारे कणीस दाण्याहून निराळे असते, तरी ते त्याच दाण्याचे असते.

लियोंच्या घटनेच्या सुमारासच सेल्सस नावाच्या एका विद्वानाने ख्रिस्ती मतावर एक जहाल ग्रंथ लिहिला. मूळ ग्रंथ नष्ट झाला. पण ओरिजेनने त्याला दिलेल्या उत्तरात त्याचे पुष्कळसे उतारे टिकले आहेत. कुजलेल्या शरीराची इच्छा कोणता आत्मा धरील, अशी आशा किड्यांनाच शोभते, असा सेल्ससचा टोमणा आहे. लियोंच्या जमावाने राख नदीत लोटून जे म्हटले तेच सेल्ससने लेखणीने म्हटले.

या छळाच्या वेळी लियोंच्या मंडळीने इरेनियस नावाच्या आपल्या एका वडीलजनाला पत्र देऊन रोमला धाडले होते. तो मूळचा स्मर्ना भागातला. लहानपणी त्याने वृद्ध पॉलिकार्पला ऐकले होते, आणि पॉलिकार्पही पुढे स्मर्नात जाळला गेला होता. तेथील लोकांनी मात्र त्याच्या अस्थी रत्नांहून मोलाच्या मानून गोळा केल्या होत्या. परत आल्यावर इरेनियस लियोंचा बिशप झाला. ज्या गावात आपल्या माणसांच्या अस्थीही हाती लागल्या नाहीत, तेथे बसून त्याने पाखंड मतांचे खंडन करणारा पाच भागांचा ग्रंथ लिहिला. त्याच्या पाचव्या भागाचा मोठा अंश देहाच्या पुनरुत्थानाला वाहिलेला आहे. द्राक्षवेलीची फांदी आणि गव्हाचा दाणा ही त्याची आवडती उदाहरणे. ज्या देवाने मातीतून देह एकदा घडविला त्याला तो पुन्हा घडविणे अवघड का जावे, हा त्याचा युक्तिवाद. राखेचा उल्लेख तो करीत नाही. पण वाचताना मला ती सतत दिसत राहते.

इरेनियसचा स्वर्ग आपल्या कल्पनेतल्या स्वर्गाहून निराळा आहे. तो म्हणतो की मृतांचे आत्मे देवाने नेमलेल्या एका अदृश्य स्थळी थांबून राहतात आणि पुनरुत्थानाची वाट पाहतात. मग ही पृथ्वीच नवी होईल. ज्या सृष्टीत नीतिमान लोकांनी दुःख सोसले त्याच सृष्टीत त्यांना सुख मिळाले पाहिजे. त्या नव्या पृथ्वीवर एकेका द्राक्षवेलीला दहा हजार फांद्या येतील, असे एक जुने वचनही तो मोठ्या श्रद्धेने सांगतो. पुढच्या काळातील विद्वानांना हे फार भौतिक, फार शेतकरी वळणाचे वाटले असावे. त्याच्या ग्रंथाच्या बहुतेक लॅटिन हस्तलिखितांतून ही शेवटची प्रकरणे गळली. इरॅस्मसने 1526 साली ग्रंथ छापला त्यातही ती नव्हती, आणि 1575 च्या आवृत्तीत ती प्रथम परत आली.

येथे शब्दांविषयी थोडे बोलले पाहिजे. आपण 'स्वर्ग' म्हणतो तेव्हा आपल्या परंपरेत तो पुण्य संपेपर्यंतचा मुक्काम असतो. पुण्य सरले की जीव पुन्हा खाली येतो. ख्रिस्ती मराठीत 'स्वर्ग' आणि 'सार्वकालिक जीवन' हे शब्द रूढ झाले असले, तरी त्यांना अभिप्रेत असलेली स्थिती परतीची नाही. इंग्रज जेझुईट फादर स्टीफन्स यांनी गोव्यात 'क्रिस्तपुराण' रचले व ते 1616 साली रायतूर येथे छापले गेले. त्यात 'वैकुंठ' हा शब्द त्यांनी ख्रिस्ती अर्थाने मोकळेपणाने वापरला आहे. जेथून जीव परत येत नाही अशी वैकुंठाची ख्याती त्यांच्या कानावर असणार, असा माझा तर्क आहे.

आता पुन्हा त्या राखेकडे वळू. इटलीतील नोला येथील बिशप पौलिनुस याने सुमारे 421 साली आफ्रिकेतील ऑगस्टीनला एक व्यावहारिक प्रश्न विचारला. एका विधवा आईची इच्छा होती की तिच्या मुलाला संत फेलिक्सच्या कबरीजवळ पुरावे. त्याने मृताला खरोखर काही लाभ होतो काय? ऑगस्टीनने या प्रश्नावर एक लहानसा ग्रंथच लिहिला. त्यात तो लियोंच्या रक्तसाक्षींचा दाखला देतो, ऱ्होनमध्ये लोटलेल्या राखेचाही. देवाने ते होऊ दिले, यावरूनच सिद्ध होते की प्रेताची विटंबना झाल्याने श्रद्धावंताचे काही बिघडत नाही. कबर ही जिवंतांच्या समाधानासाठी असते आणि मृताला उपयोग असलाच तर तो तेथे होणाऱ्या प्रार्थनांचा, असा त्याचा निर्णय. मला हे उत्तर खंबीर वाटते. त्या आईला ते कितपत पुरले असेल, कोण जाणे.

सामान्य लोकांना ते पुरले नाही हे उघड आहे. सहाव्या शतकात तूरचा बिशप ग्रेगरी लिहितो की, लियोंच्या रक्तसाक्षींनी रात्री भाविकांना दर्शन देऊन आपली राख कोठे आहे ते सांगितले. लोकांनी ती गोळा केली आणि तिच्यावर मोठे मंदिर उभारले. वाहत्या नदीतून चारशे वर्षांपूर्वीची राख परत आली! इतिहासकार ही कथा बाजूला सारतील. मला ती राखेइतकीच खरी वाटते, कारण ती लोकांच्या मनातले शल्य दाखविते. त्याच नदीवर बरेच खाली आर्ल नावाचे गाव आहे. तेथील जुनी दफनभूमी इतकी पवित्र मानली जाई की वरच्या गावांतील लोक प्रेत पेटीत किंवा पिंपात घालून, सोबत दफनाचे पैसे ठेवून ते प्रवाहात सोडीत आणि आर्लचे लोक ते अडवून पुरीत, असे मध्ययुगात सांगत. त्या दगडी थडग्यांचा उल्लेख दांतेनेही केला आहे. ज्या नदीने राख नेली त्याच नदीने आता मृतांना कबरीपर्यंत पोहोचवावे, हा दैवयोग म्हटला पाहिजे.

दरम्यान स्वर्गाची कल्पना हळूहळू बदलत होती. शेवटचा दिवस लांबत गेला. वाट पाहणाऱ्या पिढ्या एकामागून एक मातीत गेल्या. आणि मरणानंतर लगेच काय होते, हा प्रश्न शेवटच्या दिवसाहून जवळचा वाटू लागला. शुद्धिस्थानाची, म्हणजे सद्गती निश्चित झालेल्या पण अजून शुद्ध न झालेल्या आत्म्यांच्या मधल्या अवस्थेची कल्पना घट्ट झाली. पूर्ण शुद्ध आत्मे तत्काळ स्वर्गात जातात, असे 1274 साली एका धर्मसभेत जाहीर झाले. ही सभा भरली होती लियोंमध्येच.

पण पेच सुटला नव्हता. तो उफाळला ऱ्होनच्याच काठी, आव्हिन्यों येथे. त्या काळी पोप रोम सोडून तेथे राहत होते. बाविसावा जॉन हा पोप व्यवहारचतुर, कायद्याचा जाणकार आणि अतिशय वृद्ध होता. 1331 साली सर्व संतांच्या सणाच्या दिवशी त्याने प्रवचनात सांगितले की, संतांचे आत्मे वेदीखाली, म्हणजे ख्रिस्ताच्या मानवी रूपाच्या छायेत विसावले आहेत. देवाचे साक्षात दर्शन त्यांना देहाच्या पुनरुत्थानानंतरच होईल. सगळीकडे एकच खळबळ उडाली. संतांनी देव अजून पाहिलाच नाही, तर त्यांच्याकडे मध्यस्थी कशी मागावयाची? शुद्धिस्थानातील आईबापांसाठी प्रार्थना करावयाच्या, त्या त्यांना कोठे पोहोचविण्यासाठी? पोपशी आधीच भांडण असलेल्या फ्रान्सिस्कन पंडितांनी त्याला पाखंडी ठरविले. फ्रान्सच्या राजाने पॅरिसच्या धर्मशास्त्र्यांना बोलावून मत घेतले. ते पोपच्या विरुद्ध गेले. जॉनचे म्हणणे होते की मी पोप म्हणून आज्ञा दिलेली नाही, एक अभ्यासक म्हणून विचार मांडला आहे. अखेर 3 डिसेंबर 1334 रोजी, मृत्युशय्येवर, त्याने आपले मत मागे घेतले, आणि दुसऱ्या दिवशी तो वारला.

त्याच्यामागून आलेल्या बाराव्या बेनेडिक्टने 29 जानेवारी 1336 रोजी निर्णय दिला की, शुद्ध आत्म्यांना देवाचे दर्शन पुनरुत्थानाची वाट न पाहता लगेच होते. रोमन कॅथलिक पंथात आजही हेच मत प्रमाण आहे. देहाचे पुनरुत्थान अर्थातच राहिले. पण पूर्वी जी मुख्य गोष्ट होती ती आता स्वर्गातील सुखावर शेवटी चढणारा कळस झाली. पोप जॉनचा उपहास करणारे पुष्कळ झाले. मला मात्र वाटते की त्या वृद्धाने काही नवे काढले नव्हते. अकराशे वर्षांपूर्वी त्याच नदीच्या वरच्या अंगाला इरेनियस जे सांगत होता त्याचीच एक फिकी आठवण त्याच्या बोलण्यात होती. धर्मसुधारणेच्या काळी हा वाद पुन्हा निघाला. लूथरचा कल मृत्यूला निद्रा मानण्याकडे होता. तरुण कॅल्व्हिनने मात्र आत्म्याच्या निद्रेविरुद्ध ग्रंथ लिहिला.

आणि राखेचे काय? कॅथलिक पंथाने 1886 साली दहनाला बंदी केली. त्या काळी युरोपात दहनाचा पुरस्कार करणाऱ्यांत पुनरुत्थानाची थट्टा करण्यासाठीच तो करणारे काही होते. म्हणजे लियोंच्या जमावाचा तोच जुना युक्तिवाद. 1963 साली ती बंदी उठली. 2016 साली रोमहून पुन्हा सूचना निघाली की दहन चालेल, पण रक्षा पवित्र स्थळी जतन करावी. ती वाऱ्यावर उधळू नये, पाण्यातही सोडू नये. लियोंमध्ये ते रिंगण आता उघडे झाले आहे. 1958 साली तेथे सापडलेल्या शिलालेखावरून ते बांधणाऱ्याचे नाव कळले, आणि मधोमध ब्लांदिना व तिच्या सोबत्यांच्या स्मरणार्थ एक लाकडी खांब उभारलेला आहे.

आपल्याकडे रेव्हरंड नारायण वामन टिळक 9 मे 1919 रोजी मुंबईत वारले. ते प्रॉटेस्टंट, त्यामुळे पोपची बंदी त्यांना लागू नव्हती. पण येथील ख्रिस्ती समाजातही पुरण्याचीच रीत होती. टिळकांनी मात्र आपले दहन करावे असे आधीच सांगून ठेवले होते, आणि आपल्या नावामागे 'रेव्हरंड' किंवा 'मिस्टर' लावू नये असेही. त्यांच्या इच्छेप्रमाणे दहन झाले. रक्षा नदीत सोडली नाही. ती अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला नेली आणि तेथील मातीत ठेवली.